वांग, कुंकू आणि मेडिकलमधली ट्यूब

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिन्यामहिन्याची काळजी सांगितली आहे. वाचता वाचता सातव्या महिन्यापाशी एक छोटा वाद लागतो. बायका म्हणतात, पोटातल्या बाळाला केस यायला लागले की आईला जळजळ होते. संहितेतले आचार्य आत्रेय म्हणतात, तसं नाही. वाढलेल्या गर्भाच्या दाबाने दोष छातीकडे सरकतात म्हणून जळजळ होते, मग अंगाला खाज सुटते आणि त्या खाजेतून ‘किक्किस’ होतं. किक्किस म्हणजे पोटावर, स्तनांवर, मांड्यांवर उमटणारे वळ. आज आपण ज्यांना स्ट्रेच मार्क्स म्हणतो तेच. त्यावर चंदन आणि कमळाच्या देठांचा लेप सांगितला आहे. शिवाय एक अगदी घरगुती वाटणारी सूचना आहे: खाजवू नये, कातडी फाटून विद्रूप होते, अगदीच असह्य झालं तर चोळावं.

ही केसांची समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. सातव्या-आठव्या महिन्यात छातीत जळजळलं की कुणीतरी म्हणतंच, “बाळाला जावळ भरपूर असणार बघ.” अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००६मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. समजूत खोटी ठरेल अशीच त्यांची अपेक्षा होती. निघालं उलट. ज्यांना जळजळ जास्त, त्यांच्या बाळांना केसही जास्त होते. बाळाचे केस आईला टोचतात असा याचा अर्थ नव्हे. जी संप्रेरकं अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप सैल करतात, त्यांचाच बाळाच्या केसांच्या वाढीशी संबंध असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला. बायकांचं निरीक्षण खरं होतं, फक्त कारण वेगळं होतं.

त्वचेबद्दलच्या प्रकरणाची सुरुवात इथून करण्याचं कारण आहे. गरोदर बाईने चेहऱ्याला काय लावावं यावर घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला जुनं ते सगळं निर्धोक वाटतं, दुसऱ्याला बाटलीतलं ते सगळं विष. दोघेही वस्तूत काय आहे ते पाहत नाहीत. कुंकू जुनं आणि शेंदूरही जुना, दोन्ही लाल. पण पारंपरिक कुंकू हळदीचं आणि शेंदूर शिशाचा. बाळाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि तो रंगावरून किंवा परंपरेवरून ओळखता येत नाही.

आधी शरीर काय करतंय ते पाहू. दिवस गेल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं वाढतात आणि त्वचेतल्या रंगपेशींना चेतवणारं संप्रेरकही वाढतं. म्हणून स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होतो, जुने तीळ काळे दिसू लागतात, काखा आणि मान काळवंडते, बेंबीपासून खाली एक काळी रेघ उमटते. ती रेघ नव्याने आलेली नसते. पोटाच्या मधोमध एक फिकी रेषा आधीपासून असते, तीच रंगते. शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्यातलं बरंच त्वचेतून वाहतं आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. गर्भारपणाचं तेज म्हणतात ते हे. त्याच वेळी तैलग्रंथी जोरात असल्या की मुरुमंही येतात. एकीला तेज आणि दुसरीला पुटकुळ्या, यात कुणाचं काही चुकलेलं नसतं. चेहरा उजळला की मुलगी आणि काळवंडला की मुलगा, किंवा याच्या उलट, अशी भाकितं गावोगाव आहेत. बाळाच्या लिंगाचा आईच्या रंगाशी संबंध नाही.

या सगळ्यात बायकांना सर्वांत जास्त लागतं ते वांग. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठाच्या वर, दोन्ही बाजूंना साधारण सारखे तपकिरी-करडे डाग. आयुर्वेदात याला व्यंग म्हटलं आहे. आपला ‘वांग’ हा शब्द त्याचंच रूप. गोऱ्या कातडीपेक्षा आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो आणि जास्त टिकतो. संप्रेरकं रंगपेशींना तयार ठेवतात, ठिणगी टाकतं ते ऊन. म्हणून संप्रेरकांवर आपला इलाज नसला तरी उन्हावर आहे.

मोरोक्कोमधला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तो देश उन्हाचा आणि तिथल्या बायकांचा वर्णही आपल्याहून फार दूरचा नाही. तिथे २०० गरोदर स्त्रियांना सगळ्या प्रकारचे अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन नियमित लावायला दिलं आणि वर्षभर त्यांची पाहणी केली. २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेवटपर्यंत राहिलेल्या १८५ जणींपैकी फक्त ५ जणींना नव्याने वांग आला, म्हणजे २.७ टक्के. तशाच परिस्थितीत पूर्वी आढळलेलं प्रमाण ५३ टक्के होतं. डाग पडल्यावर महागड्या क्रीममागे धावण्यापेक्षा तिसऱ्या महिन्यातच सनस्क्रीन घेणं किती शहाणपणाचं, हे या दोन आकड्यांवरून दिसतं.

कुठलं घ्यावं? झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं. ही खनिजं कातडीवर बसून राहतात, रक्तात जवळपास उतरत नाहीत. दुसऱ्या जातीची सनस्क्रीन रसायनं, उदाहरणार्थ ऑक्सिबेन्झोन, रक्तात शोषली जातात, असं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१९मध्ये दाखवलं. त्यांनी २४ जणांच्या सुमारे पाऊण अंगाला दिवसातून चारदा सनस्क्रीन लावून रक्त तपासलं होतं. शोषण होतं म्हणजे अपाय होतोच असं नव्हे, सनस्क्रीन सोडू नका, हेही त्यांनीच सांगितलं. पण पर्याय हातात असताना खनिजाचं घेणं बरं. एसपीएफ ३० पुरतो. तो त्वचा भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून बुडापर्यंत रेघ काढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि मग सनस्क्रीनला दोष देतात.

आणखी एक गोष्ट अजून फारशी घरांत पोचलेली नाही. सावळ्या कातडीत वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही, त्यातही निळसर-जांभळ्या भागाने वाढतो. साधं पांढरं सनस्क्रीन हा प्रकाश नीट अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाची माती, जी कातडीच्या रंगाच्या सनस्क्रीनमध्ये घातलेली असते. म्हणजे जी वस्तू डाग झाकते तीच डाग वाढू देत नाही. गरोदरपणातल्या मेकअपची सगळ्यांत उपयोगी गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन: रंगीत खनिज सनस्क्रीन. बाकी काही नसलं तरी चालेल. दुचाकीवर ओढणी गुंडाळा, खिडकीशेजारी बसत असाल तर घरातही लावा. काचेतून काही अतिनील किरण आत येतातच.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण मुख्यतः लिहिलं, तिच्याकडे येते.

वांग आला की बाई आरशात पाहते, मग कुणीतरी पार्लरमधलं किंवा मेडिकलमधलं नाव सांगतं. “लाव, आठ दिवसांत चेहरा साफ.” आठ दिवसांत खरोखर चेहरा उजळतो आणि तिथेच घात होतो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका विशीतल्या मुलीची बातमी आली होती. ती, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं एकाच वेळी आजारी पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी वापरत असलेल्या चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जण आजाराच्या एका दुर्मीळ प्रकाराचे निघाले, आणि त्या १५मधले १३ जण गोरं करणारी क्रीमं वापरत होते.

पारा रंगपेशींमधलं रंग बनवणारं विकर अडवतो, म्हणून कातडी उजळते. तो कातडीतून रक्तात जातो, मूत्रपिंडात साठतो आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतो. भारतातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या २०२०च्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी तो दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. नियम कडक आहे, पण डबीवर निर्मात्याचा पत्ताच नसेल तर तो नियम कुणाला लावणार? म्हणून डबी उलटी करून पाहायची सवय लावून घ्या. घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, मजकूर वाचता न येणाऱ्या भाषेत आहे, तर ती डबी घरात नको. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली तर तिथेच खाली ठेवा. पारा धातूंना धरतो, म्हणून ती सूचना छापावी लागते.

दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा. १९७५मध्ये अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे लावायचं ते औषध. आपल्याकडे त्याच धर्तीच्या ट्यूबा फेअरनेस क्रीम म्हणून वर्षानुवर्षं लावल्या गेल्या. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचं मलम लावत असल्याचं आढळलं. २०१८मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. तरी शेजारणीने दिलेली अर्धी ट्यूब कुठल्या कायद्यात बसणार!

गरोदर बाईसाठी या मिश्रणातली तिन्ही नावं अडचणीची आहेत. हायड्रोक्विनोन लावल्यावर त्यातलं ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषलं जातं, एखाद्या मलमासाठी हे प्रमाण फारच मोठं. ट्रेटिनॉइनबद्दल पुढे येईलच. सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टर गरोदरपणातही देतात, इसबासारख्या आजारात ते लागतं. तीव्र स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात वापरलं तर बाळाचं वजन कमी राहण्याशी त्याचा संबंध दिसला आहे. तुम्ही अशी ट्यूब आधीपासून लावत असाल तर ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लपवू नका, लाजू नका. महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, आणि घाबरून बाई पुन्हा तेच लावते. त्या फेऱ्यातून बाहेर काढायला डॉक्टरच हवा.

या सगळ्याच्या मुळाशी रंगाचा सोस आहे, आणि तो गरोदरपणात दुप्पट होतो. आता दोघांचा रंग विचारात घेतला जातो, आईचा आणि येणाऱ्या बाळाचा. केशर घातलेलं दूध चवीला सुंदर लागतं, जरूर प्या. पण बाळाचा वर्ण आईवडिलांच्या जनुकांतून येतो, केशराने तो तसूभरही हलत नाही. पहिलटकरणीला पहिल्या महिन्यापासून “बाळ गोरं होऊ दे गं” ऐकवणाऱ्या माणसांनीही हे प्रकरण वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पाऱ्याची डबी दुकानदार विकतो खरा, पण तिच्यासाठी गिऱ्हाईक घरातच तयार होतं.

अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या औषधांविषयी संदिग्धता ठेवून चालणार नाही. हट्टी मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनची गोळी देतात. अमेरिकेत ती १९८२मध्ये आली आणि तीनच वर्षांत एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांनी १५४ गर्भधारणांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९५ जणींनी गर्भपात करून घेतला होता, १२ गर्भ आपोआप पडले होते. जन्मलेल्या ४७ बाळांपैकी २१ बाळांमध्ये कान, चेहरा, हृदय, मेंदू यांचे दोष होते. ही गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, आणि थांबवल्यावरही किमान एक महिना थांबायचं. ज्या मुलीचं लग्न ठरलंय आणि जी मुरुमांसाठी ही गोळी घेतेय, तिला हे आधीच सांगायला हवं. दिवस गेल्यावर सांगून उपयोग नाही.

त्याच कुळातली लावायची क्रीमं, म्हणजे ट्रेटिनॉइन, ॲडापलीन आणि हल्ली घरोघरी पोचलेलं रेटिनॉल, यांची गोष्ट इतकी भयानक नाही. त्यांचं शोषण फार थोडं होतं आणि त्यांनी बाळाला अपाय केल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण नऊ महिने थांबल्याने बिघडत काही नाही, म्हणून तज्ज्ञ ती बंद ठेवायला सांगतात. दिवस गेलेत हे कळण्याआधी तुम्ही लावत होता, म्हणून रात्र रात्र जागू नका. आज थांबवा, डॉक्टरांना सांगा, तेवढं पुरे.

रेटिनॉलऐवजी ‘गरोदरपणात सुरक्षित’ म्हणून बकुचिओल विकतात. ते मूळचं आपल्या बावचीतलं, कोडावर आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या झाडातलं. २०१९मध्ये ४४ जणांवर बारा आठवडे केलेल्या तुलनेत सुरकुत्या आणि डागांवर त्याने रेटिनॉलच्या तोडीचं काम केलं. पण तो अभ्यास गरोदर स्त्रियांवरचा नव्हता. झाडातून आलं एवढ्याने सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळत नाही.

मग मुरुमांवर काय चालतं? ॲझेलिक आम्ल. गहू आणि बार्लीसारख्या धान्यांत ते असतं, मुरुमांवर चालतं आणि वांगावरही चालतं. गरोदर बाईला त्वचारोगतज्ज्ञ बहुधा हेच पहिलं देतात. ग्लायकोलिक आम्ल सौम्य प्रमाणात, सॅलिसिलिक आम्ल फेसवॉशमध्ये किंवा थोड्याशा जागेवर, बेन्झॉइल पेरॉक्साइड मोजकं, निआसिनामाइड, सी जीवनसत्त्वाचं सिरम, हे चालतं. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालत नाहीत; त्या कुळातल्या औषधांनी बाळाचे दात कायमचे पिवळे-करडे होऊ शकतात. उटणं, साय, बेसन, मसूरडाळीचं पीठ, काही हरकत नाही. फक्त लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हात कातडी भाजतात आणि मागे महिनोन्‌महिने टिकणारा डाग ठेवतात. वांग घालवायला लिंबू लावलेल्या कितीतरी जणी असा दुसरा डाग घेऊन येतात.

पोटावरच्या वळांबद्दल स्पष्ट बोलते. तेल, कोको बटर, महागडी क्रीमं, कशानेही ते थांबत असल्याचं दिसलेलं नाही. २०१२मध्ये सहा चाचण्यांतल्या ८०० स्त्रियांच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला गेला. लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या यांच्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. आईच्या पोटावर वळ असतील तर लेकीला येण्याची शक्यता जास्त. बाकी वय, वाढलेलं वजन आणि बाळाचा आकार. तरीही खोबरेल तेल लावा, कारण ताणलेली कोरडी कातडी खाजते आणि तेलाने ती खाज कमी होते. संध्याकाळी आईने किंवा नवऱ्याने पायांना हलक्या हाताने लावलेल्या तेलाचं सुख वेगळं सांगायला नको. जाहिरातीतल्या हजार रुपयांच्या बाटलीपेक्षा ते हात मोलाचे.

आता कपाळाकडे येऊ. पारंपरिक कुंकू हळदीपासून होतं. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवली की क्षारामुळे हळद लाल होते. आजीची पिढी कपाळावर मेणाचं बोट लावून त्यावर पिंजर दाबायची. आज बाजारात कुंकवाच्या नावाखाली रंगीत पूड विकली जाते, तेव्हा कुंकू कुठून येतं ते पाहून घ्या. शेंदूर मात्र मुळात शिशाचा ऑक्साइड. मारुतीला, गणपतीला लावतात तो. हल्ली मालिका पाहून भांगात लाल पूड भरायची पद्धत आपल्याकडेही रुजते आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या दुकानांतले आणि भारतातले मिळून ११८ नमुने संशोधकांनी तपासले. २०१७मध्ये आलेल्या त्या अहवालात बहुतेक नमुन्यांत थोडंफार शिसं होतं आणि काहींत फारच जास्त. शिसं वार सहज ओलांडतं आणि बाळाच्या मेंदूला बाधतं. शिवाय आईच्या हाडांत साठलेलं जुनं शिसं गरोदरपणात कॅल्शियमबरोबर पुन्हा रक्तात उतरतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी सुनेला सणासाठी पुडी पाठवताना एवढं लक्षात ठेवावं.

सुरम्याचंही तेच, पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजाचा. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ म्हणजे काजळी, म्हणजे कार्बन, ते वेगळं. विकतची पेन्सिल घ्यायची तर पत्ता आणि घटक छापलेली. लिपस्टिकची भीती मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही. अमेरिकेत ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा शिसं सरासरी दहा लाखांत १.११ भाग आणि जास्तीत जास्त ७.१९ भाग निघालं, म्हणजे तिथे सुचवलेल्या दहा भागांच्या मर्यादेच्या आत. टिकलीने कपाळावर पांढरा ठिपका पडू लागला तर ती लगेच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातलं एक रसायन रंगपेशी मारतं, तो डाग सहजी भरत नाही. केसांच्या रंगाचं शोषण अत्यल्प असतं. पहिले तीन महिने सोडून, हवेशीर जागी, लावला तर चालतो.

डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांची वाडी, हातावर मेंदी, आणि भोवती फोटो काढणारे सगळे. मेंदी पाल्याची असेल तर रंगायला काही तास लागतात आणि रंग केशरी-तपकिरी येतो. अर्ध्या तासात काळीभोर रंगणारी मेंदी ही मेंदीच नसते. तिच्यात केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन घातलेलं असतं, आणि त्याने हाताला फोड येतात. मेकअप करायचाच असेल तर स्वतःच्या सामानाने करा. पार्लरमधला सामाईक ब्रश, नवं प्राइमर, नवा वास, हे सगळं त्याच दिवशी पहिल्यांदा नको. गरोदरपणात कातडी आणि नाक दोन्ही हळवी असतात. वास आला की मळमळतं, म्हणून बिनवासाचं ते उत्तम. वांगावर आधी नारिंगी छटेचं करेक्टर थोडं बोटाने टेकवा, डागाची करडी झाक मरते. त्यावर रंगीत सनस्क्रीन किंवा पातळ फाउंडेशन, काजळ, ओठांना रंग. दाट थर देऊ नका. घामाने तो तासाभरात फुटतो आणि बाई पदराने चेहरा टिपत बसते. मध्ये मध्ये पाय वर घेऊन बसायला कुणीतरी सांगा. फोटो दहा मिनिटं थांबू शकतात.

तपासणीला जाताना मात्र चेहरा कोरा ठेवा. डॉक्टर तुमच्या ओठांचा, नखांचा, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचा रंग पाहतात. रक्त कमी आहे का, कावीळ आहे का, याचा पहिला सुगावा तिथे लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे दर दोघींत एक. फिका चेहरा लाली लावून झाकता येतो, पण त्या दिवशी तो झाकायचा नसतो. लोहाच्या गोळ्यांनी सहा-आठ आठवड्यांत ओठांवर जो रंग येतो, तो कुठल्या डबीत मिळत नाही.

आणि खाज. चरकाने सातव्या महिन्यात जिच्याकडे बोट दाखवलं ती पोटावरची खाज बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ताणलेल्या वळांत लाल पुरळ उठून खाज सुटली तर त्रास खूप होतो, पण बाळाला धक्का नसतो. बेंबीभोवती फोड येऊ लागले तर लवकर दाखवा. पण तळहातांना आणि तळपायांना, रात्री जास्त, अंगावर काहीही पुरळ नसताना खाज सुटत असेल तर तेल लावत बसू नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते. त्यात रक्तातली पित्ताम्लं वाढतात आणि फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका होतो. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. “गर्मीने होतंय”, “पहिल्यांदा असं होतंच” असं घरातलं कुणीही म्हणालं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जा.

नववा महिना लागला की नखांचं पॉलिश काढून टाका, हाताचं तरी नक्की. प्रसूतीच्या वेळी बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावतात. गडद पॉलिशमुळे त्याचा आकडा चुकू शकतो, आणि नखाचा खरा रंगही डॉक्टरांना दिसायला हवा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या कुणाकडे द्यायच्या ते आधीच ठरवून ठेवा. बॅगेत बाळाच्या लंगोटांशेजारी एक साधं, बिनवासाचं ओठांचं मलम टाका. नसेल तर छोट्या डबीत घरचं तूप. कळा वाढतात तशी बाई तोंडाने श्वास घ्यायला लागते, ओठ सुकून तडकतात आणि पाणी मागायचंही भान राहत नाही. तेव्हा उशाशी बसलेल्या आईने किंवा जाऊबाईने बोटाने ते तूप तिच्या ओठांना लावावं.